बेटाची बाजू

१९ सप्टेंबर

इथलं वाचनालय पूर्वी पोहण्याचा तलाव होता. पाणी काढून टाकलं, तळाला लाकडी फळ्या बसवल्या, पुस्तकांची कपाटं आत उतरवली. पण भिंतींवरच्या निळ्या फरशा तशाच ठेवल्या आणि खोली सांगणारे आकडेही. जमीन एका बाजूला उतरत जाते. सागरी कायद्याची पुस्तकं नेमकी खोल बाजूला आहेत. तिथे बसलं की काचेच्या छपरातून येणारा उजेड हलत हलत खाली पोचतो, आणि कोणी पायऱ्या उतरायला लागलं की ते बुडत बुडत आपल्याकडे येतंय असं वाटतं.

आज दिवसभर तिथेच होते. एक प्रकरण वाचलं. म्हणजे खरं तर एका प्रकरणाकडे बघत बसले.

वर्गात माझ्याएवढं वय कोणाचंच नाही, प्राध्यापकबाईंचंसुद्धा. पहिल्या दिवशी दोन मुलींनी अदबीने विचारलं, "मॅडम, तास इथेच घेणार ना तुम्ही?" शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी इतकी वर्षं रोज चढले आणि आता सातासमुद्रापार येऊन, ज्या कोर्टाची पायरी कुठे आहे तेच कळत नाही, त्याचा कायदा शिकतेय. आंतरराष्ट्रीय कायदा, हिवाळा संपेपर्यंतचा अभ्यासक्रम, शेवटी एक प्रमाणपत्र.

निघताना अप्पांनी एकच प्रश्न विचारला होता. अप्पा म्हणजे माझे सासरे. आमच्या जिल्ह्यात त्यांच्यासारखा दिवाणी वकील झाला नाही असं लोक म्हणतात आणि अप्पा ते नाकारत नाहीत. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याच हाताखाली वकिली करते. मी टिपणं काढायची, त्यांनी उभं राहायचं. तर म्हणाले, "आंतरराष्ट्रीय कायदा? बरं. तिथे बेलिफ कोण असतो?"

हुकूमनामा झाला, पण अंमलबजावणी कोण करणार? अख्ख्या अभ्यासक्रमाचा प्रश्न त्यांनी बूट घालता घालता विचारून टाकला. मी अजून उत्तर शोधतेय.

२८ सप्टेंबर

रविवारचा फोन. इथे दुपार असते तेव्हा घरी संध्याकाळ होते, आणि नवरा चष्म्याचं दुकान बंद करून आलेला असतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने फोन अप्पांकडे दिला.

"तू निघणार कधी?" अप्पा म्हणाले.

"कुठे, अप्पा?"

"ते परदेशी जायचं चाललं होतं ना तुझं."

मी येऊन महिना होत आला, आणि त्यांच्या लेखी मी अजून निघालेलीच नाही! टोमणा मारावा तर अप्पांनी. मीही म्हटलं, "निघेन, तुमची परवानगी मिळाली की."

"मग थांब जरा. आधी त्या विहिरीच्या दाव्याचं टिपण कर."

विहिरीचा दावा आम्ही कधीच जिंकलो. ते दोघे भाऊ आता त्याच विहिरीचं पाणी गुण्यागोविंदाने पितात. म्हणजे माझं डोकं जागेवर आहे का हे तपासत होते. मी निकालातला शेवटचा परिच्छेद जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवला. मग नवऱ्याने फोन घेतला.

"मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला.

"कशाला घेऊ? मी काय आज ओळखते त्यांना?"

तो काहीतरी बोलणार होता, पण म्हणाला, जेवून घे.

९ ऑक्टोबर

आज लुटुपुटूच्या कोर्टाच्या चिठ्ठ्या टाकल्या. इथे त्याला मूट म्हणतात. खोटी केस, खोटे पक्षकार, पण न्यायाधीश म्हणून तीन प्राध्यापक बसतात आणि घाम खरा फुटतो. प्रमाणपत्र मिळणार की नाही, ते बरंचसं त्यावरच ठरतं.

केस अशी. एका लहानशा बेटाचं राष्ट्र आहे. समुद्र चढत चाललाय आणि काही वर्षांत सगळी जमीन पाण्याखाली जाणार. बेटाभोवतीचा दूरवरचा समुद्र आज त्या राष्ट्राच्या हक्काचा, तिथली मासळी त्यांची. शेजारचं मोठं राष्ट्र म्हणतं, समुद्रावरचा हक्क जमिनीतून येतो. जमीन नाही तर हक्क नाही. आमच्या बोटी आत येणार.

माझ्या चिठ्ठीत मोठं राष्ट्र निघालं. बेटाची चिठ्ठी उघडली ती मागच्या बाकावरच्या एका तरुणाने. तो खरोखरच तसल्या एका बेटावरून आलाय. सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला आणि तो चिठ्ठीची घडी घालत बसला, लहान लहान होत जाणारी.

"हवं तर बदलून देते," प्राध्यापकबाई म्हणाल्या.

"नको," तो म्हणाला. "चालेल."

मी त्याचं नाव बेटकर ठेवलंय. आपल्याकडे जन्मला असता तर हेच आडनाव लागलं असतं. पण पुढे जमीन गेल्यावर कर लावायचा तरी कुठला?

४ नोव्हेंबर

धुकं. सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत नव्हतीच. थोड्या वेळाने तिचा वरचा मजला आला, मग मधला, आणि खालचा शेवटपर्यंत आलाच नाही. ट्राम नुसती ऐकू येते. माझ्या खोलीखाली कोणी पियानो शिकतंय. एकच ओळ पुन्हा पुन्हा, त्याच जागी अडखळते. मला आता ती अडखळूनच आवडायला लागलीय.

अशा दिवसांत मी कोण, कुठली, काही पक्कं वाटत नाही. कोणाची सून नाही, कोणाची जूनियर नाही. पावाचा तुकडा खिशात घालून नदीवर जाऊन बसते. वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. हे नवऱ्याला सांगितलं नाही.

सकाळीच घरी फोन केला, तिकडे भर दुपार. अप्पा घरीच होते. कामाचा दिवस असून! नवरा म्हणाला, "कोर्टाला सुट्टी आहे." दिवाळीची सुट्टी तर संपली, आता कसली? वकिलांनी बहिष्कार घातला असेल, नेहमीचंच. अप्पांना म्हटलं, तुमच्या आवडीची केस आलीय, आणि बेटाची हकिकत सांगितली. मग म्हणाले, "मी बेटाकडून."

"अहो, मी विरुद्ध बाजूला आहे."

"मग हरशील. फाईल पाठव."

किती दिवसांनी त्यांच्या आवाजात धार होती! माझ्या शिक्षणात त्यांनी रस घेतला. इथे यायचं सार्थक झालं असं पहिल्यांदा वाटलं.

१६ नोव्हेंबर

बेटकर वाचनालयात माझ्याशेजारी खोल बाजूला बसतो. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसू नये असा काही नियम नाही, आणि पुस्तकाची प्रत एकच आहे.

इंग्रजीत एक बरं आहे, तू-तुम्हीचा घोळ नाही. मी इतके दिवस मनातल्या मनात त्याला अहो-जाहो करत होते. आज तो सांगत होता, त्यांच्याकडे भरतीचं पाणी किनाऱ्यावरून चाल करून येत नाही. खालून, जमिनीतूनच उमलतं. शाळेच्या पटांगणात आधी ओल दिसायची, मग चकाकी, आणि मुलं वाट बघत बसायची. फुटबॉल तरंगायला लागला की सुट्टी.

"मग रोजच सुट्टी मागत असशील," मी म्हटलं.

तो हसला. मनातल्या मनात त्याचं अरे-तुरे कधी झालं, कळलंच नाही.

त्याची आई दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या मोठ्या भूमीवर राहायला गेली. तिला तिथे झोप लागत नाही म्हणे. चहूबाजूंनी जमीन असली की तिला अडकल्यासारखं होतं.

२३ नोव्हेंबर

अप्पांनी फोनवर मला "बाई" म्हटलं. "हं, बोला बाई." म्हणजे रुसलेत. गेल्या रविवारी फोन उशिरा केला, त्याचा राग. पण बेटाची गोष्ट काढली मात्र, सगळा राग पळाला. शेजारच्या राष्ट्राकडे नकाशे कोणत्या सालचे आहेत, विचारलं. हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. दिवसभर नकाशे शोधले.

नवऱ्याला म्हटलं, अप्पा मजेत दिसतात.

"तू बोललीस की दिवस बरा जातो त्यांचा," तो म्हणाला. "बोलत जा. रोज बोललीस तरी चालेल."

रोज? मी इथे शिकायला आलेय की त्यांची करमणूक करायला? पण बोलेन.

११ डिसेंबर

बर्फ. आवाज सगळे कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे. खाली पियानोसुद्धा लांबून कुठून तरी आल्यासारखा.

आज तालीम होती आणि बेटकर सपशेल पडला. बेटाची बाजू मांडायला उभा राहिला आणि "भूभाग" म्हणण्याऐवजी "आमची शाळा" म्हणाला. मग थांबला. कागद चाळत राहिला. न्यायाधीशांच्या जागी बसलेल्या मुलाने विचारलं, "राष्ट्र म्हणजे भूमी, लोक आणि सरकार. त्यातली भूमीच गेली तर उरलं काय?" याने कागद गोळा केले आणि खाली बसला. मी माझी बाजू घडाघडा मांडली, टाळ्या मिळवल्या.

बाहेर आल्यावर त्याला झापलं. "अरे, तयारी नको का? भावनेवर केस चालत नाही. न्यायाधीशाला तुझ्या शाळेचं काय?"

"आपण बाजू बदलू या का?" तो म्हणाला. "तुम्ही बेट घ्या. मी शेजारी होतो. ते काय बोलणार, ते मला पाठ आहे. लहानपणापासून ऐकतोय."

नाही म्हटलं. घेतलेली बाजू सोडायची नाही आणि हात आखडता घ्यायचा नाही, हे मी अप्पांकडून शिकलेय. तो मान हलवून निघून गेला. त्याच्या पावलांचे ठसे बर्फात एका सरळ रेषेत गेले आणि कोपऱ्यावर वळले.

अभ्यास नीट केला नाही की माणसं अशी सबबी शोधतात. तरी जेवण गेलं नाही.

२० डिसेंबर

स्वप्न पडलं. आमच्या कोर्टात गुडघाभर स्वच्छ पाणी आहे. कोणाला त्याचं काही नाही. शिपाई पुकारा करतोय, पक्षकार पायजमे वर धरून उभे आहेत, फायली संथपणे तरंगत एका टेबलावरून दुसऱ्याकडे चालल्यात. अप्पा उभे राहून बोलताहेत, पण आवाज येत नाही, नुसते बुडबुडे. मी मात्र सगळं समजल्यासारखं लिहून घेतेय.

जाग आली तेव्हा खूप बरं वाटत होतं. का, ते कळलं नाही.

१७ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

बेटकरशी समेट झाला होता. मीच पुढाकार घेतला. म्हटलं, माझ्या सासऱ्यांपुढे तालीम करू या, ते बेटाची बाजू मांडतील, मी उत्तर देईन, तू नुसता ऐक. भाषा कळली नाही तरी माणूस उभा कसा राहतो, हे कळेल. दुपारी तो खोलीवर आला. मी फोन टेबलावर उभा ठेवला. पडद्यावर अप्पा काळा कोट घालून बसले होते. घरात, कोट! मला हसू आलं. किती हौसेने तयारी केली होती.

"साहेब," त्यांनी सुरुवात केली, आणि उभे राहिले.

त्यांनी एका धरणाची गोष्ट काढली. पंचविशीत असताना लढवलेली केस. गाव पाण्याखाली गेलं. वर तळं झालं, तळ्यात मासे झाले, आणि मासेमारीचा ठेका बाहेरच्याला मिळाला. अप्पा गावकऱ्यांकडून उभे होते.

"साहेब, हे लोक पाण्यावर आले नाहीत. पाणी यांच्यावर आलं. ठेकेदार म्हणतो, जमीन गेली. कुठे गेली? आहे तिथेच आहे, दिसत नाही एवढंच. शेताच्या बांधावरचा दगड अजून बांधावर आहे. वर पाणी आलं म्हणून तो सरकून शेजाऱ्याच्या बांधावर जात नाही. हद्द ठरली तेव्हा ठरली, साहेब. पाण्याला हद्द खोडता येत नाही. ते नुसतं तिच्यावर बसतं."

माझ्या अंगावर काटा आला. शेवटी ते म्हणाले, "पुढची तारीख द्यावी, साहेब. अशील म्हातारे आहेत." आणि खाली वाकून टेबलावर काहीतरी शोधू लागले. टेबल रिकामं होतं. नवऱ्याचा हात आला आणि फोन बंद झाला.

"काय नट आहेत!" मी म्हटलं. बेटकरला सगळं इंग्रजीत सांगितलं, दगडासकट. सांगून झाल्यावर लक्षात आलं की आपण प्रतिस्पर्ध्याच्या हातात तलवार दिली. पण दिली ती दिली.

तो मात्र अजून काळ्या पडद्याकडे बघत होता.

"हे असं कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

"काय?"

"ते तुमच्याशी बोलत नव्हते. त्यांना समोर कोर्ट दिसत होतं. माझी आजी अशीच बोटीवर असायची, अंगणात बसून. बोटीवरून सगळ्यांना हाका मारायची, पण नावं चुकायची."

मी त्याला जायला सांगितलं. भाषेचं ओ की ठो कळत नाही आणि माझ्या माणसाची नाडी बघायला निघाला! असं काहीसं बोलले. त्याने कोट उचलला आणि दार अलगद ओढून घेतलं.

१८ जानेवारी

नवऱ्याला दुकानात फोन केला.

"अप्पांना काय झालंय?"

मागे कोणी गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचत होतं.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तू सांग."

"तू जायच्या आधीपासून थोडं थोडं होतं. नंतर वाढलं. कोर्टात एकदा समोरच्याच्या अशिलाची बाजू मांडायला लागले, तेव्हा मीच घरी आणलं. रोज सांगतो, सुट्टी आहे."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर पहिल्या विमानाने आली असतीस. आल्यावर परत गेली नसतीस. इतकी वर्षं तू आमच्या घरासाठी... जाऊ दे. मला वाटलं, एकदा तरी तुझं तुला करू द्यावं."

मी रडले की ओरडले, आठवत नाही. दोन्ही केलं असेल. विहिरीचा दावा आठवला. मी तो निकाल त्यांना म्हणून दाखवत होते, वर शाबासकीची वाट बघत! "बाई" म्हणाले तेव्हा मी रुसवा समजले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली मी. इतकी वर्षं साक्षीदारांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखते, आणि घरातलं खरं ओळखता आलं नाही.

"उद्याचं तिकीट काढते," मी म्हटलं.

"ये. पण केस लढून ये. रोज सकाळी कोट घालतात आणि विचारतात, बेटाचं काय झालं. दुसरं काही नाही राहत लक्षात, एवढंच राहतं. आता मी त्यांना काय सांगू? वकील पळून गेली?"

मूट पुढच्या महिन्यात आहे. थांबते.

२१ जानेवारी

बेटकर खोल बाजूला होता. मी शेजारची खुर्ची ओढली.

"तू म्हणालास ते बरोबर होतं."

"चूक असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

वर छपरावरचा बर्फ वितळत होता; पाण्याचे ओघळ काचेवरून सरकत होते आणि त्यांच्या सावल्या त्याच्या कागदांवरून.

"तो दगड मी वापरला तर चालेल?" त्याने विचारलं. "तुमच्या विरुद्ध आहे तो."

"माझा नाहीये तो. ज्यांचा आहे, ते तुझेच वकील आहेत."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी तो हलवायचा प्रयत्न करणार. अगदी जीव लावून. तसं नाही केलं तर ते मला घरात घ्यायचे नाहीत."

१९ फेब्रुवारी

झालं.

बेटकर उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात एकही कागद नव्हता. शाळेचं पटांगण त्याने या वेळीही काढलं, पण थांबला नाही. म्हणाला, "त्या पटांगणाच्या चार कोपऱ्यांवर दगड आहेत. ते आम्ही मोजणी करून रोवले आणि जगाने त्या नकाशावर सह्या केल्या. आता दगड पाण्याखाली आहेत. महाशय, ते कुठे गेले असं आपल्याला वाटतं?" मग त्याने कायदा मांडला, एकेक पायरी करून: किनाऱ्याची रेषा एकदा ठरली की ती ठरलीच, समुद्राच्या चढउताराने ती सरकत नाही. सगळ्यात शेवटी म्हणाला, "हा युक्तिवाद माझा नाही. एका ज्येष्ठ वकिलांनी माझ्या देशाच्या वतीने केला आहे. त्यांनी माझा देश पाहिलेला नाही."

मग मी उठले. हात आखडता घेतला नाही. म्हटलं, तळ्याखालचं शेत एका राज्याच्या आत असतं. त्या दगडाच्या वर सरकार असतं, पोलीस असतो, बेलिफ असतो. समुद्राखालच्या दगडाला कोण आहे? ज्या हद्दीवर उभं राहायला माणूस नाही, ती कोणी राखायची? हे बोलताना मला बेटकरकडे बघवत नव्हतं, म्हणून मुद्दाम त्याच्याकडेच बघत बोलले. त्याने नजर चुकवली नाही. त्याला ते पाठच होतं.

दोन विरुद्ध एक. बेट जिंकलं. एका न्यायाधीशांनी माझ्या बाजूने मत दिलं आणि वर म्हणाले, असं मत द्यावं लागलं याचं मला दुःख आहे. मलाही, मी मनात म्हटलं.

बाहेर बेटकरने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलला, इंग्रजीत नाही. अर्थ विचारला नाही. उन्हाळ्यात तो त्याच्या सरकारच्या वकिलांकडे कामाला लागणार आहे. त्यांचं कार्यालय आता मोठ्या भूमीवर आहे, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. "तिथे पाणी यायला वेळ लागेल," म्हणाला.

प्राध्यापकबाईंनी थांबण्याबद्दल विचारलं. संशोधनासाठी एक जागा आहे, दोन वर्षांची. मी म्हटलं, घरी एक केस अर्धी आहे. त्या म्हणाल्या, प्रमाणपत्र टपालाने पाठवू.

२६ फेब्रुवारी

विमान ढगांच्या वर. खाली सगळं पांढरं, मधेच एखादी फट, फटीत निळं. समुद्र असेल. कोणाचा, ते वरून कळत नाही.

या महिन्यांत मी सुखात होते. हे आता लिहून ठेवते, कारण घरी पोचल्यावर ते मला खोटं वाटायला लागेल. अप्पा इकडे डोक्यातली एकेक खोली बंद करत होते आणि मी तिकडे नदीवर बसून पाव खात होते. दोन्ही खरं आहे. कोणत्या बाजूने उभं राहावं, कळत नाही.

२८ फेब्रुवारी

काल पोचले. नवऱ्याने दारातच बॅग घेतली. त्याचे केस किती पांढरे झालेत! फोनवर कधी दिसले नाहीत. की मी बघितलेच नाहीत?

अप्पा पुढच्या खोलीत, ऑफिसात, आपल्या खुर्चीवर होते. काळा कोट. वाळलेत, गळ्याभोवती कॉलर सैल झालीय. मी दारात उभी राहिले. ते अर्धवट उठले.

"या, बसा."

समोरासमोर जन्मात त्यांनी मला अहो म्हटलं नव्हतं. मी समोर बसले, अशिलांच्या खुर्चीत. या बाजूने ते टेबल किती मोठं दिसतं, माहीत नव्हतं.

"बेटाच्या केसचा निकाल लागला," मी म्हटलं. "बेट जिंकलं."

"ठाऊक आहे. तुम्ही विरुद्ध बाजूला होतात."

"हो."

"वाईट वाटून घेऊ नका. हरणाऱ्या बाजूलाही चांगला वकील लागतो, नाहीतर निकालाला वजन येत नाही." मग टेबलावर पुढे झुकून, कोणी ऐकत नाही ना हे बघून, म्हणाले, "पण एक सांगू? तुमच्या जागी आमची सून असती ना, तर तिने तो दगड हलवला असता."

मागे नवरा उभा होता. तो कुठलीशी फाईल सरळ करू लागला.

"हुशार आहे का ती?" मी विचारलं.

"हुशार? माझी सगळी टिपणं तिची. मी नुसता मोठ्याने वाचतो."

"तिला कधी सांगितलंत?"

"छे! सांगितलं की डोक्यावर बसतात." ते हसले, अगदी पूर्वीसारखे, खांदे हलवत. "परदेशी गेलीय शिकायला. येईल तेव्हा बघू. तोवर आम्ही किल्ला लढवतोय."

"येईल ती," मी म्हटलं.

"चहा घेणार ना तुम्ही?"

मी मान हलवली. अप्पा खुर्चीत वळले आणि घराच्या आतल्या बाजूला तोंड करून, ठणठणीत आवाजात, त्यांनी हाक मारली, "सूनबाई! पाहुण्यांना चहा टाक गं."

मी उठले, त्यांच्या बाजूने आत गेले, आणि आतून ओ दिली.